तोरणाखाली इंजिन

आधीच सांगून ठेवतो, मी इथं फुशारकी मारणार आहे. ज्याला सोसत नसेल त्यानं पान उलटावं आणि पुढं जावं, माझा काही राग नाही.

माझ्या बैठकीत दारासमोरच्या भिंतीवर कोळशाच्या इंजिनाचा एक फोटो लावलेला आहे. हातभर रुंद, कडांना पिवळा पडलेला. नातवाचे दोस्त गळ्यात महागाचे कॅमेरे अडकवून येतात आणि त्याच्यासमोर उभे राहतात. मागच्या दिवाळीत एकानं विचारलं, "आजोबा, हा कोणत्या पुस्तकातून कापला?" मी म्हटलं, "पुस्तकं कापायला मी काय उंदीर आहे का रे? हा मी काढला. डबा कॅमेऱ्यानं काढला, आणि त्याच्यापायी वर्षभर स्टेशनं तुडवली." पोरगा हसला. त्याला वाटलं म्हातारा फेकतो आहे. तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं.

आमचं गाव धामणगाव बढे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठा साहेब नागपुरात बसायचा, आणि आमच्याकडे सगळं कापसावर चालायचं. गावाला रेल्वे नव्हती. बुलढाण्याला, जिल्ह्याच्या ठिकाणालाही नव्हती, तिथं आमची काय कथा. रेल्वे खाली मलकापूरला. बंड्यांत, म्हणजे बैलगाड्यांत, कापूस भरून आम्ही तो सरकी काढायला मलकापूरच्या जिनात न्यायचो, तिथं मी पहिल्यांदा इंजिन पाहिलं. आमची बंडी फाटकापाशी थांबलेली, बाप खाली उतरून बैलांच्या तोंडाशी उभा, कारण इंजिन बघून बैल बिथरतात. गाडी धडधडत गेली. बापानं चुचकारून बैल शांत केले. मी मात्र त्या दिवशी जो बिथरलो तो बिथरलोच.

बाप म्हणजे कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा बाप बैलांचा पारखी. शेती आमची मध्यम, पण तालुक्यात त्याचं नाव जमिनीसाठी नव्हतं, नजरेसाठी होतं. कुणाला बैलजोडी घ्यायची असली की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. "चाला ना बाबा, तुमी पाह्यल्याशिवाय मी दोराले हात लावत नाही." मग बाप दुपट्टा खांद्यावर टाकून निघायचा. दात, खूर, खांदा, वशिंड, अंगावरचे भोवरे, सगळं बघायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बैलबाजारात किंमत मोठ्यानं बोलायची नसते. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरून सांगायचं. जितकी जास्त बोटं, तितकं जनावर मोलाचं. बघणाऱ्यांना नुसता दुपट्टा हलताना दिसतो. सगळा पंजा धरला तर समजायचं की याच्या वर आता काही नाही. बापानं उभ्या जन्मात एकाच जोडीला पंजा दिला होता, आणि गावातली माणसं त्या जोडीची गोष्ट अजून सांगायची.

माझ्या थोरल्या भावाला त्यानं एकदा भर बाजारात जवळ बोलावलं, दुपट्ट्याखाली हात दिला आणि त्याचं मत विचारलं. त्या दिवसापासून भाऊ घरात कर्ता माणूस झाला. मला बाजारात नेलंच तर कासरा धरायला. तीन बैल समोर उभे केले तर मला तिन्ही सारखेच दिसायचे. पारख्याच्या घरी असलं पोट्टं निपजावं, याचं दुःख बापानं कधी लपवलं नाही.

मलकापुरात स्टेशनाच्या रस्त्यावर एका मुसलमान चाचांचं फोटोचं दुकान होतं. सुगीत कापूस घेऊन गेलो की बंडी रिकामी होईपर्यंत मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. पाणी भरून द्यायचो, ओले फोटो दोरीवर टाकायचो, गिऱ्हाइकामागचा पडदा सरळ करायचो. दोन सुगी असं चाललं. मग एक दिवस त्यांनी आपला जुना डबा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "घे बेटा. मेहनतीचा हाय, खैरात नाही." डबा कॅमेरा म्हणजे खरोखरच डबा. पुढं भिंग, बाजूला खटका, वरून बघायला एक छोटी काच. वेग एकच, तोही मंद. बसलेल्या नवरा-नवरीचा फोटो झकास यायचा. मला मात्र बसलेलं काही नकोच होतं.

आता तो पोळा. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्यांना धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून वेशीत आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभं करतात. हिंदूंचे, मुसलमानांचे, सगळ्यांचे बैल एकाच ओळीत. मग गावातला एखादा तोंडाळ माणूस पुढं येऊन झडत्या म्हणतो. झडती म्हणजे जुळवलेलं छोटं गाणं, कुणाला ना कुणाला चिमटा काढणारं. ज्याला चिमटा बसला त्यानं हसून घ्यायचं, अशी रीत. त्या वर्षी मी आमच्या डाव्या बैलाचा कासरा धरून उभा होतो आणि गळ्यात डबा लटकत होता. झडतीवाल्यानं तो बरोबर हेरला. पारख्याच्या पोराला चार पायांचं जनावर कळत नाही, म्हणून ते लोखंडाच्या जनावरामागं पळतं आणि त्याला वैरण म्हणून कोळसा घालतं, असं काहीतरी त्यानं जुळवलं. अख्खी वेस खदखदून हसली. बापही हसला. रीत होती ना.

घरी आल्यावर तो हसत नव्हता.

"आन तो डबा इकडं."

मी दिला नाही.

"काऊन रे, गावात तोंड दाखवाले जागा ठेवनार हायस का नाही मले?"

"बाबा, मी चोरी केली का कोनाची?"

"चोरी केली असती तं समजलं असतं. हे खूळ समजत नाही."

मी तरी कुणाचा मुलगा? मलाही चढली. "तुमी बैल पाहता, मी इंजिन पाहतो," मी म्हटलं. "त्याले बी पारख लागते."

आई चुलीपुढून उठून उभी राहिली. बापानं दुपट्टा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "लागते का? मंग दाखव. पुढच्या पोळ्याले तुझं जनावर तोरनाखाली आन. गावानं पाहून म्हटलं का हाव, हे जनावर हाय, तं डबा तुझा, फिर कुठं फिराचं ते. नाही म्हटलं तं डबा चाचाले वापस, अन् तू माह्या मांगं वावरात. पुन्हा आगगाडीचं नाव काढाचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. आणि डबा छातीशी धरून बाहेर पडलो.

पहिला फोटो मी मलकापूरला काढला, भरधाव जाणाऱ्या मेलचा. चाचांच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली तर तिच्यावर नुसता एक पट्टा ओढल्यासारखा, आणि वर धूर. मला वाटलं औषधात काहीतरी बिघडलं. चाचा म्हणाले, "बिघडलं काही नाही बेटा. गाडी गेली, डबा राह्यला." तरी मी तो फोटो घरी नेऊन बापाला दाखवला, हुरूपच तसा होता. बापानं तो उलटा धरला, सुलटा धरला. "धूर तं आपल्या चुलीतूनही निघते. त्याच्यासाठी मलकापुराले कायले जा लागते?"

पळती गाडी आपल्या डब्यात मावत नाही, हे कळल्यावर मी उभ्या गाड्यांकडे वळलो. नांदुरा केलं, शेगाव केलं, जलंबच्या जंक्शनवर तर मुक्कामच ठोकला. फलाटाच्या टोकाला जाऊन, रुळांत उतरून, अगदी समोरून इंजिनाचं तोंड टिपायचो, देवाचं दर्शन घेतात तसं. एका स्टेशनावर मास्तरनं पकडलं.

"तिकीट हाय का बे?"

"हाय जी."

"मंग गाडीत बस ना!"

"मले कुठं जाचं नाही."

"मंग आला कायले?"

"गाडी पाहाले."

त्यानं पोर्टरला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याले पाहून घे. बुलढान्याकडचा हाय. तिकडं गाडी नाही ना, म्हनून असं होते."

दर्शनाचे ते फोटोही बापापुढं ठेवले. तो म्हणाला, "तोंडावरून बैल घेनारा मानूस मी अजून पाह्यला नाही. पाय कुठं हायत याचे?" आणि निघून गेला. मी पाठीमागून हातवारे करून जे बोललो ते इथं लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी रुळांच्या मधून बाजूला सरकलो, हे खरं.

त्या वर्षात मी किती फिरलो म्हणून सांगू! बंडीत बसून, पायी, कधी बुलढाण्याहून उतरणाऱ्या मोटारीच्या टपावर. भुसावळच्या यार्डापर्यंत जाऊन आलो, तिथं एवढी इंजिनं एका जागी पाहिली की जेवायचं भान राहिलं नाही. कापसाच्या दिवसांत मलकापूरच्या मालधक्क्यावर गठाणींचे ढीग आणि त्यांच्यामागं वाफ सोडत उभं इंजिन, ते तर मला अजून स्वप्नात दिसतं. पुढं दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि स्टेशनावर, पुलावर कॅमेरा नेणंच बंद झालं. म्हणजे माझ्या वाट्याला तो काळ तेवढाच होता, आणि मी तो पुरेपूर वापरला. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आई माझ्या बाजूनं होती, पण उघड नाही. वेचणीच्या दिवसांत भाऊ चिडून विचारायचा, "हा कुठं गेला?" तर ती सांगायची, "मीच धाडलं त्याले, सरकी आनाले." त्या हंगामात मी न आणलेली सरकी गावातल्या सगळ्या म्हशींना पुरली असती.

हळूहळू हात बसला. सूर्य पाठीशी घ्यायचा. इंजिनाच्या बाजूला, थोडं पुढं उभं राहायचं, म्हणजे तोंडही दिसतं आणि अंगही. चाकांना जोडणारा जो लोखंडी दांडा असतो तो खाली आलेला असला म्हणजे सगळी चाकं मोकळी, पुरी दिसतात. दांडा वर असला तर पाय दुमडल्यासारखे वाटतात. हे मला कुणी शिकवलं नाही. रोलामागून रोल नासवून मी ते शोधून काढलं आणि ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी चाचांच्या दुकानात अक्षरशः नाचलो. "आता दाखवतो पाय," मी म्हटलं.

आणि इथंच मी एक चूक केली. पोळा डोक्यात बसलेल्या माणसाशिवाय ती कुणी केली नसती. माझा हिशेब असा: हे जनावर तोरणाखाली उभं करायचं आहे. तोरणाखालच्या बैलाच्या खांद्यावर जू नसतं. म्हणून इंजिनही मोकळं पाहिजे, मागं डबे नकोत. डबे जोडलेलं इंजिन पोळ्यात नेलं तर गाव म्हणेल, याला एवढीही रीत कळत नाही. म्हणून मी गाड्यांचे फोटो काढणं सोडलं आणि मोकळ्या इंजिनामागं लागलो. खामगावला जलंबहून फाट्याची गाडी येते. तिथं इंजिन सुटून पाणी प्यायला जायचं, तेव्हा ते मोकळं सापडायचं. त्याचा ड्रायव्हर भुसावळकडचा, इंजिनाच्या पितळेला स्वतः पॉलिश मारणारा माणूस. मी त्याला माझी अडचण सांगितली, पोळ्यासकट. तो पोट धरून हसला. "लोक म्हणतील गाडी दाखव, अन् तू म्हणतो गाडी सोडून दे!" पण आठवडाभरानं गेलो तर त्यानं इंजिन असं घासूनपुसून ठेवलं होतं की त्यात तोंड पाहून घ्यावं. दांडा खाली येईल अशा बेतानं त्यानं ते हातभर पुढं सरकवूनही दिलं. मी खटका दाबला.

फोटो अप्रतिम आला. चाचा म्हणाले, "माशाल्ला, नवरदेव दिसून राह्यला." मी तो छातीशी धरून घरी आणला. उन्हाळ्याचे दिवस होते, बाप ओट्यावर दोर वळत बसला होता. त्यानं हात पुसले. फोटो घेतला. एरवी एका नजरेत परत करणारा माणूस, पण या खेपेला बघतच राहिला. एकेक चाक बघितलं.

"देखनं हाय," तो म्हणाला.

मी हवेत. आईकडे बघितलं, ती दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

"पन खुट्याले बांधलेल्या बैलाचं मी काही सांगत नसतो," असं म्हणून बापानं फोटो माझ्या हातात दिला आणि दोर वळायला घेतला.

माझा तोल गेला. "तुमाले दाखवून काही फायदाच नाही! पाय म्हटलं, पाय दाखवले. पोळ्याची रीत बी पाळली. आता काय याची शेपटी आनू का?"

"आवाज चढवू नको. पोळा आला नाही अजून."

मी कित्येक दिवस त्याच्याशी बोललो नाही. डबा खुंटीला टांगून ठेवला. फोटो काढायला काही उरलंच नाही असं वाटायला लागलं. पाऊस लागला, पेरण्या झाल्या. भाऊ मला डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, मागं उभं करायला लागला, आणि मला दिसायला लागलं की हे आता जन्मभराचं. वावर वाईट नाही हो, मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण लांबून शिट्टी ऐकू येईल अशी वाऱ्याची दिशा असली की माझे हात थांबायचे आणि भाऊ ओरडायचा.

पोळा महिन्याच्या आत आला असताना जानेफळकडचा एक शेतकरी, आमच्या लांबच्या नात्यातला, बापाला खामगावच्या बैलबाजारात न्यायला आला. भावाला सवड नव्हती, म्हणून कासरा धरायला मी. जाताना सवयीनं डबा गळ्यात घातला. त्याच्यात एकच फोटो शिल्लक होता, आणि आभाळ असं झाकोळलेलं की तोही वायाच जायचा.

बाजारात एक जोडी फार सजवून आणली होती. शिंगांना तेल, अंग चकचकीत. जानेफळवाला तिथंच पाघळला. मलासुद्धा ती आवडली, म्हणजे बघा. बापानं चहूकडून पाहिली आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "जुंप." मग त्यानं एक बंडी पोत्यांनी भरून घेतली, तिच्या चाकांपुढं दगड ठेवायला लावले, आणि ती जोडी जुंपवली. स्वतः समोर उभा राहिला नाही. बाजूला, बैलाच्या खांद्यापासून थोडा पुढं, अर्धा वाकून उभा राहिला. व्यापाऱ्यानं हाक दिली. बैलांनी मान खाली घातली, मागचे पाय मातीत रुतवले, खांदे पुढं लोटले. बंडी करकरली, हलली नाही. पुन्हा हाक. बैल मागं सरले आणि त्यांनी मान वर काढली.

"चालत्या बंडीले तं म्हातारा बैलही ओढते," बाप जानेफळवाल्याला म्हणाला. "बसलेली बंडी उठवते कोन, ते पाहाचं असते. बैल तेवढ्याच वक्ताले दिसते. बाकी सारी सजावट."

तो माझ्याशी बोलत नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हता. पण ते मलाच लागू होतं. मी एवढा वेळ काय केलं? आधी पळती गाडी धरायला गेलो, ती हातून निसटली. मग सजवून बांधलेलं इंजिन धरलं, त्याच्यात जीवच नव्हता. या दोन्हीच्या मधली वेळ मी पाहिलीच नव्हती, बसलेली गाडी उठते ती वेळ! आणि त्या वेळी गाडी हळू असते. माझ्या मंद डब्याला झेपेल इतकी हळू.

बाप दुसऱ्या एका जोडीकडे वळला होता, दुपट्ट्याखाली हात घालून. मी कासरा जानेफळवाल्याच्या हातात कोंबला आणि स्टेशनाकडे पळत सुटलो. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, हा कुठं चालला?" मी थांबलो नाही.

फलाटावर नाही, पलीकडे मालधक्क्याशी मालगाडी लागलेली. सरकीच्या ढेपेनं, म्हणजे पेंडीनं, आणि धान्यानं भरलेले डबे, नजर पुरेना इतके, आणि पुढं तेच इंजिन, तोच ड्रायव्हर. त्यानं हात केला. मी खुणेनं विचारलं, "आता?" त्यानं सिग्नल दाखवला, तो पडलेला होता, म्हणजे वाट मोकळी. मी रुळांच्या बाजूला उतरलो. थोडा पुढं उभा राहिलो. आणि माझ्या नकळत अर्धा वाकलो, बाप वाकतो तसा.

शिट्टी झाली. डब्यांच्या साखळ्या एकामागून एक ताणल्या गेल्याचा आवाज आला. इंजिनाच्या पोटाखालून पांढरी वाफ फसकन बाहेर आली आणि चाकं जागच्या जागी गरगरली. घसरली! ड्रायव्हरनं आवरलं. पुन्हा वाफ, पुन्हा ताण. आणि त्याच घटकेला ढग सरकला, धुतलेल्या आभाळातून ऊन पडलं, सबंध इंजिनाच्या अंगावर. चाकांनी रूळ धरला. इंजिन पुढं झुकल्यासारखं मला दिसलं, इंजिन झुकत नसतं हे मलाही माहीत आहे, पण मला दिसलं. दांडा खाली आला. मी खटका दाबला.

गाडी निघून गेली आणि मी एकटाच रुळांशेजारी उभा राहून मोठमोठ्यानं ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. आनंदानं ओरडत होतो एवढं खरं.

परत आलो तर बाप बाजाराच्या तोंडाशी उभा. "कुठं गेलता बे?"

"बैल पाहाले," मी म्हटलं.

त्यानं माझ्या भिजलेल्या, चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि कासरा पुन्हा माझ्या हातात दिला.

चाचांनी फिल्म धुतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. मी म्हटलं, "काय झालं चाचा? बोला ना!" ते म्हणाले, "बेटा, याचा जोर दिसून राह्यला." मग दुकान अर्ध्यावर सोडून शेजारच्या शिंप्याला बोलावून आणलं, त्याला दाखवलं. त्यांनी तो फोटो हातभर मोठा करून दिला, स्वतः फ्रेम बसवली आणि म्हणाले, "पोळ्याले मी येतो. डबा वापस घ्याची पाळी आली तं ऐकून ठेव, मी तो दुकानात ठेवनार नाही. मोडून टाकीन."

पोळ्याच्या दिवशी आमची जोडी भावानं आणि गड्यानं धरली. मी त्यांच्या शेजारी, ओळीतच, फ्रेम दोन्ही हातांनी छातीपुढं धरून उभा. काय टिंगल झाली माझी! "याची शिंगं रंगवली नाही का?" "झूल कुठं हाय?" "पुरनपोळी खाते का हे?" माझे कान लाल झाले होते, पण मान मी खाली घातली नाही. बाप आमच्या बैलांच्या तोंडाशी उभा होता, समोर बघत. चाचा गर्दीत सर्वांत पुढं.

झडतीवाला आला. मागच्या वर्षीचाच. मला पाहून त्याला उकळ्या फुटल्या. हात वर करून त्यानं पहिली ओळ टाकली, दुसरी टाकली, आणि तिसरीसाठी वाकून फोटोकडे बघितलं. तो तिथंच थांबला.

"थांबा बे," तो म्हणाला. "हे तं उठून राह्यलं."

माणसं पुढं सरकली. सगळी बैलवाली माणसं, जन्मभर बंड्या हाकलेली. एकानं वाकून चाकं आणि रूळ जिथं टेकतात तिथं बघितलं. दुसरा म्हणाला, "मांगं किती बंड्या हायत याच्या? दिसतच नाही शेवट." एक म्हातारा नुसता "पाह्य कसं लोटून राह्यलं, पाह्य," एवढंच घोकत होता. हसणं कधी थांबलं ते कळलंही नाही. मग कुणीतरी म्हणालं, "आपुन कायले सांगाचं? पारखी इथंच हायत ना. त्याईनं सांगावं."

सगळे बापाकडे वळले. मीही.

बाप बैलांच्या तोंडापासून हलला. समोर आला नाही, बाजूला आला, थोडा पुढं, आणि अर्धा वाकला. भर पोळ्यात, अख्ख्या गावासमोर, तो माझ्या फोटोकडे तसा बघत राहिला. मग तो सरळ झाला. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्यापुढं धरला.

मला समजेना. चाचांना समजलं, त्यांनी पुढं होऊन फ्रेम आपल्या हातात घेतली. मी हात पुढं केला. बापानं त्याच्यावर दुपट्टा टाकला आणि आपला हात खाली घातला. आधी एक बोट धरलं. मग दुसरं. त्याचा हात खरखरीत होता, आणि सावकाश चालत होता, बाजारात चालतो तसा. तिसरं. चौथं. मग त्यानं माझा सगळा पंजा आपल्या मुठीत घेतला.

गावाला नुसता दुपट्टा दिसत होता. मी रडत होतो ते मात्र सगळ्यांना दिसत असणार.

"बोला ना बाबा," झडतीवाला म्हणाला. "कितीले ठरलं?"

बापानं त्याच्याकडे बघितलं. "हे जनावर विकाचं नाही," तो म्हणाला. त्याचा हात अजून दुपट्ट्याखाली माझ्या हातातच होता.